चाऊसांच्या पेट्या : परभणीतल्या डिजिटल दप्तराच्या नोंदी

८ जून २०२४, परभणी

ए-थ्री आकाराचा स्कॅनर आला. कॉलेजच्या ग्रंथालयामागच्या खोलीत टेबलावर बसवला. रोहिणी संपल्या तरी उकाडा हटत नाही, दुपारी त्या खोलीत बसवत नाही, म्हणून काम सकाळी सात ते अकरा असं ठरलं. तेवढ्या वेळात लाइटही बऱ्यापैकी टिकते.

काम कशाचं ते पहिल्याच नोंदीत लिहून ठेवते. पुढे या वह्या दुसऱ्या कुणाच्या हाती पडतील, त्यांना कळलं पाहिजे. निजामाच्या फौजेत चाकरीला आलेल्या हद्रामी अरबांचे वंशज म्हणजे आम्ही चाऊस. येमेनच्या पूर्व भागात हद्रमौतचं खोरं आहे. तिथून १९व्या शतकात माणसं येत राहिली. हैदराबादेत बरकसची वस्ती झाली, आणि तिथून ठाण्यांवर, खजिन्यांवर, गढ्यांवर पहाऱ्याला म्हणून ही माणसं मराठवाडाभर पांगली. परभणी, जिंतूर, वसमत, नांदेड, कंधार, जालना, बीड, कुठेही जा, चाऊसांची चार घरं निघतातच.

ग्रंथांत आम्ही भेटतो ते शिपाई म्हणून. १८१९मध्ये निजामाविरुद्ध उठलेल्या नोवसाजी नाईकांच्या बाजूने नव्ह्याच्या किल्ल्यात लढलेले अरब. निजामाला कर्ज देऊन त्याचे तालुके गहाण ठेवून घेणारे जमादार, आणि दिवाण झाल्यावर त्यांची देणी फेडून ते तालुके सोडवून घेणारा पहिला सालारजंग. हे सगळं खरंच आहे. पण शिपायाने बंदूक खाली ठेवल्यावर पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं त्याच्या घराने या गावात काय केलं, ते कुठल्याच ग्रंथात नाही. ते घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत पडून आहे, कसर लागून चाललंय. ते गोळा करायचं आहे.

१५ जून

नियम ठरवले. कागद ४०० डीपीआय, फोटो ६०० डीपीआय, मूळ प्रत टिफमध्ये, बघायची प्रत जेपेगमध्ये. फाइलच्या नावात गाव, घराचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक, बाकी काही नाही. प्रत्येक फाइलची चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा खुणेचा आकडा, काढून वेगळ्या तक्त्यात ठेवायची, म्हणजे एखादी फाइल पुढे गुपचूप खराब झाली तर लगेच कळेल. प्रती तीन, त्यातली एक परभणीबाहेर.

सगळ्यात मोठा नियम असा की मूळ वस्तू कुणाच्याही घरातून कायमची उचलायची नाही. अमेरिकेत दक्षिण आशियाई स्थलांतरितांचा ‘साडा’ नावाचा डिजिटल संग्रह २००८पासून चालतो. तेही मूळ कागद ठेवून घेत नाहीत, प्रत काढतात आणि ज्याचा त्याला परत देतात. आपल्याकडे तर याची गरज जास्त आहे. संशोधनाला म्हणून नेलेले कागद परत न आल्याच्या गोष्टी प्रत्येक मोहल्ल्यात ऐकायला मिळतात.

वर्णनाचा तक्ता डब्लिन कोअर या जगभर चालणाऱ्या नमुन्याच्या १५ रकान्यांवरून मराठीत बांधला. स्कॅनिंगला बसणारा पोरगा म्हणाला, इंग्रजीत ठेवू, जगभर वाचतील. मी मराठीच ठेवलं. या घरांतली आजची पोरं मराठी शाळेत शिकतात. पणजोबाचा कागद त्यांना उर्दूत वाचता येत नाही आणि इंग्रजीत सापडत नाही. पहिला वाचक तोच धरायचा. बाहेरच्यांसाठी इंग्रजी सारांश सावकाश होईल.

तक्त्यात ‘मूळ ठिकाण’ हा रकाना सगळ्यात वर आलाय. तो तिथे असावा का, याचा विचार करायचा आहे.

३० जून, जिंतूर

पहिली पेटी उघडली. पेटी मोठ्या खालांची. नातं लांबचंच, पण आख्खा मोहल्ला त्यांना खालाच, म्हणजे मावशीच, म्हणतो. वय चौऱ्याऐंशीच्या आसपास, नजर अधू, आवाज मात्र खणखणीत. चहा झाला, सुपारी झाली, आणि मग त्यांनी सरळ विचारलं :

‘‘बेटी, हमारे कागदां तुमकू कायकू होना?’’

मी तयारी करून गेले होते ते सगळं सांगितलं. इतिहास, पुढच्या पिढ्या, जपणूक. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘ये सब ठीक है. पन कल कोई बोला ना, देखो, इनोच लिख को दिये के हम बाहर के हैं, तो?’’

हा प्रश्न मला रात्रभर पुरला. २०१९-२०च्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा पेटली, तेव्हा याच घरांनी पेट्या उघडून कागद लावून ठेवले होते. झेरॉक्सच्या दुकानांत रांगा होत्या. कागद त्यांच्यासाठी आधी संरक्षण आहे, मग आठवण, आणि सगळ्यात शेवटी इतिहास. स्थलांतरितांचा संग्रह करायला निघालेल्या माणसाने हा क्रम उलटा धरला तर त्याने घरात पाऊलच टाकू नये.

म्हणून संमतीचा कागद नव्याने लिहिला. तीन पायऱ्या. एक, सगळ्यांना खुलं. दोन, फक्त समाजातल्या आणि त्या गावच्या लोकांना, विचारून. तीन, बंद : प्रत जपली जाईल, पण घरच्यांशिवाय कुणी पाहणार नाही. पायरी कधीही बदलता येईल, आणि ‘काढून टाका’ म्हटलं तर काढलं जाईल, कारण विचारायचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांच्या कामातून ‘मुकुर्तू’ नावाची प्रणाली उभी राहिली. कुणी काय पाहावं हे तिथे समाजाने ठरवायचं असतं. आम्ही ती प्रणाली वापरत नाही, पण पायऱ्यांची रीत तिच्यावरून घेतली.

खालांनी दोन फोटो आणि एक करारपत्र दुसऱ्या पायरीवर दिलं. बाकी पेटी बंद. त्यांचा शब्द.

२१ जुलै, परभणी

आज एकाच कागदाला सगळी सकाळ गेली आणि त्याचं चीज झालं.

जाडसर, पिवळा पडलेला कागद. घडीवर फाटलेला, वरचा डावा कोपरा उंदरांनी खाल्लेला. नस्तालीक (उर्दूचं वळणदार) अक्षर घाईचं, शाई तपकिरी झालेली. मजकूर एका शिपायाच्या पगाराचा : नज्मे जमियत, म्हणजे निजामाच्या अनियमित फौजेचं खातं, आणि रक्कम हाली रुपयांत. हैदराबादचं चलन वेगळं होतं, सात हाली म्हणजे सहा इंग्रजी रुपये असा भाव धरला जायचा. खाली तारीख, त्यातलं वर्ष स्पष्ट : १३५७.

पोरग्याने तक्त्यात १९३८ लिहिलं. हिजरी १३५७ धरलं तर बरोबरच आहे, ते साल १९३८च्या मार्चमध्ये सुरू झालं. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले सर शेजारी बसले होते. त्यांनी भिंग मागितलं. वर्षाच्या आकड्यापाशी एक बारीक फराटा होता, आम्ही तो शाईचा डाग समजलो होतो. सर म्हणाले, ‘‘हा फे आहे. फसली.’’ मग महिना वाचून दाखवला : अमरदाद. हिजरीत असा महिना नसतो. निजामाच्या राज्यात सरकारी कामाला फसली साल चालायचं, आजूर, दै, बहमन, इस्फंदार या महिन्यांचं, ऑक्टोबरात सुरू होणारं. अमरदाद १३५७ म्हणजे १९४८चा जून.

दहा वर्षांचा फरक. १९३८चा पगार म्हणजे नेहमीची चाकरी. जून १९४८चा पगार म्हणजे राज्य बुडायला जेमतेम तीन महिने राहिलेले असताना हा माणूस ठाण्यावर उभा होता.

आता तारखेचे तीन रकाने केले : कागदावर जशी आहे तशी, कोणत्या पंचांगातली, आणि इसवीत. पहिला रकाना कधीही पुसायचा नाही. उर्दू हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर आम्ही चालवून पाहिलं. छापील उर्दूवर ते कसंबसं चालतं, अशा कागदावर त्याचा पाड लागत नाही. वाचायला माणूसच लागतो, आणि अशी माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. म्हणून सरांच्या वाचनाचं रेकॉर्डिंगही ठेवायला लागलो : ते अक्षर कसं सोडवतात, कुठे अडतात, काय म्हणून पुढे जातात.

३ सप्टेंबर

परवा रात्रीपासून पावसाने परभणी-हिंगोली धुऊन काढली. नदीकाठची शेतं पाण्यात, रस्ते बंद. वसमतहून सकाळी फोन आला. घरात गुडघाभर पाणी शिरलं, पलंगाखालची पेटी भिजली, त्यात लग्नाचे फोटो.

फोनवरच सांगितलं ते इथेही लिहिते, दुसऱ्या घरांना लागेल. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढायचे नाहीत. उन्हात ठेवायचे नाहीत. इस्त्री तर मुळीच नाही. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत पूर्ण बुडवायचे, आपोआप सुटतील तसे सोडवायचे, चिखल हलक्या पाण्याने जाऊ द्यायचा, मसाल्याच्या, म्हणजे चित्राच्या, बाजूला बोट लावायचं नाही. मग मसाल्याची बाजू वर ठेवून स्वच्छ सुती कापडावर, पंख्याच्या वाऱ्यात. लाइट नसेल तर दोरीवर कडेला चिमटा लावून, सावलीत. कागदांचा गठ्ठा असेल तर दर थोड्या पानांमागे कोरा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलत राहायचा. फाटलं तरी सेलोटेप लावू नये, त्याचा गोंद काही वर्षांत कागदात उतरतो आणि मग निघत नाही.

ते सगळं घर रात्रभर त्यात गुंतलं. कृष्णधवल फोटो जवळपास सगळे वाचले. ऐंशीच्या दशकातल्या रंगीत फोटोंचे रंग काही ठिकाणी वाहून गेले. एका फोटोत नवरदेवाचा चेहरा गेला, कमरेचा जंबिया (वाकडी कट्यार) आणि शेजारचा मरफा (अरबी ढोल) वाजवणारा तेवढा राहिला. तसाच स्कॅन करणार. त्या घरच्यांना संगणकावर चेहरा ‘दुरुस्त’ करून हवाय. मी वेगळी प्रत करून देईन, तिच्यावर तसं लिहून. मूळ स्कॅनला हात लावणार नाही.

१७ सप्टेंबर

आज मुक्तिसंग्राम दिन. सकाळी कॉलेजात झेंडावंदन, दुपारी जिंतूरला खालांकडे. आज बोलायचं त्यांनीच ठरवलं होतं. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर लावला, पंखा बंद केला, कुकरवालीला विनंती केली.

त्या काळाबद्दल मराठवाड्यात बोलताना दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगाव्या लागतात, नाहीतर बोलणं खोटं होतं. रझाकारांनी गावंच्या गावं छळली. लातूरच्या वकिलीतून पुढे आलेल्या कासिम रझवीच्या भाषणांची दहशत आमच्या शेजारच्या घरांनी भोगली. चाऊस शिपाई निजामाच्या चाकरीत होते, लोकांच्या लेखी फौज आणि रझाकार एकच. आणि सप्टेंबर १९४८च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर खेड्यापाड्यांत मुसलमानांवर जे गुदरलं तेही तितकंच खरं. पंडित सुंदरलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोव्हेंबर-डिसेंबरात जिल्हे फिरून अहवाल दिला, तो दशकानुदशकं लोकांपुढे आला नाही. अरबांची जमियत मोडली. पुष्कळ जण नजरकैदेत गेले, अनेकांना जहाजाने अदनकडे रवाना केलं गेलं.

खाला तेव्हा सात-आठ वर्षांच्या. त्यांनी सांगितलं ते असं : अब्बा ठाण्यावरून परत आले नव्हते. गावात आरडाओरडा सुरू झाला तसं पाटलाच्या घरची बाई मागच्या दाराने आली आणि आई, दोन भावंडं आणि खाला यांना घेऊन गेली. त्यांच्या वाड्यात भिंतीतलं बळद, म्हणजे धान्याची कोठी, होतं, जवारीचं. तेव्हा ते निम्मं रिकामं होतं. त्यात उतरवलं. ‘‘अंदर जवारी का भुसा था, नाक में जाता था. अम्मा ने मेरे मुंह पे पदर धर को बैठी, खांसी नको आना बोल को.’’ वरून झाकण. रोज रात्री भाकरी खाली यायची, भाकरीवर ठेचा असायचा, आणि धाकट्याला ठेचा चालत नाही म्हणून त्याच्यासाठी एक गुळाचा खडा वेगळा बांधलेला असायचा. अब्बा कैदेतून पुष्कळ दिवसांनी परत आले. चुलते आले नाहीत. ते जहाजावर गेले.

मी विचारलं, हे खुलं ठेवायचं का? त्या विचार करून म्हणाल्या, ‘‘मेरा मैं देती. पन उनके घर का नाम उनकू पूछे बिगर नको टाकू.’’

फाइल तिसऱ्या पायरीवर ठेवली. पाटलांच्या घरी जायचं आहे.

२० ऑक्टोबर

तहसिलीत खासरा पाहणीची, म्हणजे कुठली जमीन कुणाच्या कब्जात याच्या नोंदवहीची, नक्कल मिळाली. दोन वर्षांपूर्वी ही जुनी बस्तनं कुणी सोडत नव्हतं. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून मराठवाड्यात निजामकाळाचे रुमाल (कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे) बाहेर निघाले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना किंमत आली. त्याचा आमच्या कामाला फायदा होतोय.

१९५४च्या खासऱ्यात, जिंतूर तालुक्यातल्या एका गावात, एका सर्वे नंबरासमोर कबजेदार म्हणून नाव आहे. ओळख पटायला दोन दिवस गेले, कारण पगाराच्या कागदावर नाव बापाच्या आणि कबिल्याच्या नावासकट लांबलचक, खासऱ्यात नुसतं पहिलं नाव आणि पुढे ‘अरब’. याच माणसाच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव ‘चाऊस’, आणि नातवाच्या रेशनकार्डावर ‘शेख’. बापाचं नाव, सर्वे नंबर आणि खालांची साक्ष, या तिन्ही गोष्टी जुळल्यावर खात्री झाली : अमरदाद १३५७ला पगार घेणारा शिपाई तो हाच. खालांचे अब्बा.

जून १९४८ला ठाण्यावर, १९५४ला शेतात. मधल्या काळात कैद, भाऊ जहाजावर गेलेला, चलन बदललेलं, राज्य गेलेलं. १९५०चा हैदराबाद कूळ कायदा याच वर्षांतला. हे शेत त्याने कसं धरलं, बैल कुणाचे होते, बी कुणी दिलं, हे कागद सांगत नाही. पण या दोन कागदांमधल्या सहा वर्षांत चाऊस मराठवाड्याचे झाले असं मला वाटतं. आमच्या पोरांना हद्रमौतचे किल्ले माहीत आहेत, मोबाइलवर पाहिलेले. ही सहा वर्षं माहीत नाहीत.

तक्त्यात व्यक्तीसाठी स्वतंत्र पत्रक केलं. एक माणूस, एक क्रमांक, त्याखाली त्याची सगळी नावं, ज्या कागदावर जसं आहे तसं. कुठलं नाव ‘खरं’ ते ठरवायचं नाही.

२४ नोव्हेंबर

हद्रमौतच्या मुकल्ला बंदरातून आलेली पत्रं मिळाली. जहाजावर गेलेल्या चुलत्यांची. खालांनीच दिली, दुसऱ्या पायरीवर.

दोन पाकिटं, पत्रांवर तारीख नाही. पण तिकिटं आहेत. हद्रमौतच्या कुऐती सुलतानांची वेगळी तिकिटं निघायची. आधीच्यांवर ‘शिहर आणि मुकल्ला’चं कुऐती राज्य असं छापलेलं, १९५५पासूनच्यांवर ‘हद्रमौत’मधलं. पहिलं पाकीट आधीचं, दुसरं नंतरचं. या कुऐती घराण्याची गोष्टही अशी की मूळ पुरुष ओमर बिन अवद हे हैदराबादेत निजामाचे जमादार. त्या चाकरीच्या पैशावर घराण्याने मायदेशी राज्य उभं केलं, १८८१ला मुकल्ला घेतलं. त्यांचे प्रतिस्पर्धी कसीरी, त्यांचाही पैसा हैदराबादचाच. दख्खनचा महसूल तिकडच्या लढायांत गेला. ते राज्य १९६७ला इंग्रज अदनमधून निघाले तेव्हा संपलं.

पत्रं उर्दूत आहेत. चुलते निजामाच्या राज्यात जन्मलेले, त्यांना लिहिता येण्याजोगी अरबी नव्हती. म्हणजे ज्याला ‘परत’ पाठवलं तो तिकडे परका होता. दुसऱ्या पत्रात ते भावाला विचारतात की बांधावरची चिंच अजून आहे, की पाडली. सरांनी हे वाक्य दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला.

५ जानेवारी २०२५, हैदराबाद

देवगिरी एक्स्प्रेसने आलो. तारनाक्याच्या अभिलेखागारात मागणीपत्र दिलं, बाकी वेळ बरकसमध्ये. सकाळी गहू-मटणाचा हरीस, माणसं लुंगीत, पाट्यांवर अरबी. इथल्या घरांना मुळांची ओढ आमच्यापेक्षा जास्त आहे, कारण वस्ती दाट आहे आणि आखाताशी येणंजाणं मोठं. मला इथे पाहुण्यासारखं वाटलं. मराठवाड्यातल्या चाऊसांचा संग्रह बरकसच्या संग्रहाची पुरवणी म्हणून करायचा नाही हे मात्र पक्कं झालं. आमचं गाव वेगळं, कागद वेगळे.

९ फेब्रुवारी

उरुसाच्या गर्दीमुळे दर्गा रोड बंद, म्हणून घरूनच कॅसेटी केल्या.

आखातात गेलेली मुलं ऐंशीच्या दशकात कॅसेटवर पत्र पाठवायची. लिहिता न येणाऱ्या आईला पत्र ऐकता यायचं. ही साठ मिनिटांची सी-साठ कॅसेट, दाब देणारी स्पंजची गादी गळून पडलेली, डबी चिकटवलेली. डबी जपून फोडली, फीत स्क्रूच्या नव्या डबीत बसवली, एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवली. हेडचा कोन ‘स’ आणि ‘श’ स्पष्ट होईपर्यंत कानाने जुळवला. मग एकदाच वाजवली, थेट वेव फाइलमध्ये. अशा फिती पुन्हा पुन्हा वाजवू नयेत.

रियाधहून खालांचा पुतण्या बोलतोय. खोलीत मागे कूलरचा आवाज. आधी सलाम, सगळ्यांची नावं घेऊन, त्यात शेजारच्या काकूही. मग दखनीतून मराठीत येतो, कारण पुढचं बोलणं शेताच्या वाटेकऱ्यासाठी आहे : ‘‘दादा, कापूस किती निघाला? येलदरीला पाणी आहे का औंदा? बोअर घेऊ नका, मी आल्यावर बघू.’’ पुन्हा दखनी, अम्मीच्या गुडघ्याच्या औषधाचं. दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी लग्नातला मरफा, फीत संपेपर्यंत.

अरबस्तानात बसून येलदरीचं पाणी विचारणारा हा आवाज मला या संग्रहातली सगळ्यात मोलाची वस्तू वाटतो. घरच्यांनी खुली पायरी दिली. फक्त औषधाचा भाग कापून घ्या म्हणाले. बघायच्या प्रतीतून तो काढला, जपायची प्रत पूर्ण ठेवली, आणि कुठे किती सेकंद काढले ते वर्णनात लिहिलं.

६ एप्रिल, जिंतूर

ईद होऊन गेल्यावर सगळ्या घरांना बोलावून पडद्यावर दाखवलं. तक्त्यावरून वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. तरुण पोरांचं म्हणणं, ‘मूळ ठिकाण : हद्रमौत’ हे सगळ्यात वर पाहिजे, तीच आपली ओळख. शिबाम १९८२पासून जागतिक वारसा आहे, मातीच्या उंच इमारतींचं शहर, त्याचा अभिमान का लपवायचा? त्यांचं मला पटत नव्हतं आणि तोडवतही नव्हतं. मी एवढंच सांगितलं की आतापर्यंत जमलेल्या कागदांत हद्रमौतचा उल्लेख थोड्या कागदांत आहे, बाकीच्यांत शेत, शाळा, भिशी, लग्न, दवाखाना आहे. कागद ज्या गावाबद्दल बोलतो ते गाव वर. पोरं खालांकडे वळली. खाला म्हणाल्या, ‘‘मेरे अब्बा की कबर किधर है? वो उप्पर लिखो.’’

रकाना बदलला. सगळ्यात वर ‘गाव’. ‘पूर्वजांचं ठिकाण’ खाली, भरायचं की नाही ते घराच्या मर्जीवर.

पाटलांचे नातूही आले होते. मागच्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन खालांचं रेकॉर्डिंग ऐकवलं होतं, तेव्हा ते काही बोलले नव्हते. आज येताना आजोबांची हिशोबाची वही घेऊन आले, अर्धी मोडीत, अर्धी बाळबोधीत. १९४८-४९च्या पानांवर जवारी आणि बियाण्याच्या उसनवारीच्या नोंदी आहेत, त्यात खालांच्या अब्बांचं नाव, पायलीचा हिशोब, आणि पुढच्या सुगीला फेडल्याची खूण. बी कुणी दिलं, हा प्रश्न मी ऑक्टोबरात लिहून ठेवला होता. नाव टाकायला त्यांची परवानगी आहे, पण ते म्हणाले की आजीचं टाका, बळद तिने उघडलं, आजोबा त्या दिवशी गावात नव्हते.

वही चाऊसांच्या संग्रहात घ्यायची की वेगळी ठेवायची, यावर थोडी चर्चा झाली. याच संग्रहात घेतोय, ‘शेजार’ असा नवा विभाग करून. मोडीची पानं वाचायला माणूस मिळालाय. वही दोन आठवड्यांसाठी ठेवून घेतली, तशी पोच लिहून दिली. शिवण सैल आहे, पाठपोट सपाट उघडायची नाही, दोन्ही बाजूंना टेकू देणाऱ्या पाळण्यात ठेवून वरून कॅमेऱ्याने फोटो काढायचे. वसमतच्या कॅसेटी त्यानंतर.